ई-पीक पाहणी: शेतकरी, तलाठी आणि तहसीलदार एकाच ॲपमध्ये

रिपोर्टिंग सॉफ्टवेअर म्हटलं की ऑफिसातले तक्ते आणि ग्राफ आठवतात. पण महाराष्ट्रातलं एक मोठं रिपोर्टिंग सॉफ्टवेअर चालतं ते शेताच्या बांधावर. सातबारातला गाव नमुना 12, म्हणजे पिकांची नोंदवही, पूर्वी तलाठी भरायचे. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी ॲपमधून शेतकरी स्वतःच पिकाची नोंद करू लागला.

अडचण अशी, की वापरणारे सगळे सारखे नाहीत. रावेरचा केळीवाला ॲप उघडतो हंगामात एकदा. म्हणजे दर वेळी तो नवखाच! गावातला मोबाईल हाताळणारा पोरगा दिवसभर इतरांच्या नोंदी करून देतो. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) नोंदी तपासतात. तालुका-जिल्ह्याला हवी असते ती फक्त बेरीज: कापूस किती, केळी किती.

नवख्यासाठी नियम सोपा: एका स्क्रीनवर एकच प्रश्न, टाईप कमी, निवड जास्त. नाव, गट नंबर, क्षेत्र हे रेकॉर्डवरून आपोआप आलं पाहिजे. ॲपमध्ये हे बऱ्यापैकी जमलंय. चार अंकी सांकेतांक विसरला तर तो परत मिळवायची सोय लॉगिनलाच आहे, हे मला विशेष आवडतं. विसरणार हे गृहीत धरूनच डिझाईन करायचं असतं.

खरी गोची शब्दांत आणि मोजमापात आहे. खान्देशात बोलताना एकर, बिघा, सातबारावर हेक्टर-आर. दोन एकर कापूस म्हणजे साधारण 81 आर. पण शेतकऱ्याने सवयीने हेक्टरच्या रकान्यात 2 टाकले तर? गट पाच हेक्टरचा असेल तर ॲपला त्यात काही चूक दिसणार नाही, कारण 2 हा आकडा मर्यादेत बसतो. इथे आकड्याखाली लगेच ‘म्हणजे सुमारे 5 एकर’ असं दिसलं, तर माणूस स्वतःच थबकेल. केळीचंही तसंच. शेतकरी मृगबाग, कांदेबाग म्हणतो. फॉर्म विचारतो खरीप की संपूर्ण वर्ष. शिरपूरच्या सातपुड्यातल्या पावरा शेतकऱ्याला तर प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा. तिथे पिकाचं चित्र आणि वाचून दाखवणारा आवाज जास्त कामाचा.

चूक झाली तर किंमत मोठी असते. 2023 च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी 5000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत, जाहीर झाले तेव्हा आधार धरला तो ई-पीक पाहणीच्या नोंदीचाच. नोंद नसलेले सुरुवातीला बाहेर राहिले; पुढे सातबारावर पीक असलेल्यांसाठी अट शिथिल करावी लागली. त्यामुळे ‘नोंद फोनमध्ये सेव्ह झाली’ आणि ‘नोंद सर्व्हरला पोहोचली’ हे दोन वेगळे संदेश, वेगळ्या रंगांत, ठळक दिसायलाच हवेत. रेंज नसलेल्या पाड्यावर सेव्ह झालं म्हणजे काम झालं असंच माणूस समजतो.

2022 च्या दुसऱ्या आवृत्तीत नोंद 48 तासांत दुरुस्त करण्याची सोय आली आणि तलाठ्यांची तपासणी किमान 10 टक्के नोंदींपुरती ठेवली. ही टक्केवारी तलाठ्याचा वेळ वाचवते. पण मग त्याच्या स्क्रीनवर आधी संशयास्पद नोंदी याव्यात: फोटो गटापासून लांबचा, क्षेत्र गेल्या वर्षीपेक्षा एकदम दुप्पट, वगैरे. त्याला फिल्टर, एकत्र मंजुरी, गटनिहाय यादी द्या. तो रोज वापरतो, शिकेल.

हीच बटणं शेतकऱ्याच्या स्क्रीनवर मात्र नकोत. ‘सगळ्यांना सगळं’ देणारा मेनू बनवायला सोपा असतो, म्हणूनच तो इतका दिसतो. आणि नवखा-जाणकार असा मोड निवडायलाही लावू नका; बांधावर उभ्या माणसाला आपण कोण हे ॲपला सांगत बसायचं नसतं. लॉगिनवरून ते ॲपलाच कळतं. पोराने एकाच फोनवरून तिसऱ्या खातेदाराची नोंद सुरू केली, की सूचनांचे पडदे आपोआप गाळता येतात.