स्वार्थ, करार आणि सहकार : रानड्यांचें एक व्याख्यान

विद्यापीठांच्या सभागृहांत होणारीं बहुतेक व्याख्यानें त्या सभागृहांतच विरून जातात. १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत माधवराव रानडे यांनीं हिंदी अर्थशास्त्रावर दिलेलें व्याख्यान मात्र त्यांपैकीं नव्हे. त्यांत उपस्थित केलेला प्रश्न आजहि सुटलेला नाहीं. विषम समाजांत माणसें परस्परांशीं व्यवहार करितात, तेव्हां त्या व्यवहारास मोकळा म्हणावयाचें काय, आणि दुर्बळांनीं एकत्र यावयाचें तर कोणाच्या बळावर, हा तो प्रश्न होय.

वक्ता केवळ पुस्तकी पंडित असता तर या प्रश्नास धार आली नसती. माधवराव त्या वेळीं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणार्थ झालेल्या १८७९ च्या कायद्याखालीं विशेष न्यायाधीशाचें काम पाहात होते. या कायद्यामागें १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें झालेला दंगा उभा होता. तेथें आणि त्यानंतर आसपासच्या गांवीं कुणब्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नसून त्यांच्या दप्तरांवर होता. कर्जरोखे हिसकावून जाळणें हाच पुष्कळ ठिकाणीं त्यांचा उद्देश होता. नव्या कायद्यानें न्यायाधीशास रोख्याच्या पाठीमागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. ज्यास लिहितां-वाचतां येत नाहीं त्याचा अंगठा आणि ज्याच्या घरीं वह्यांचा ढीग आहे त्याची सही, या दोहोंचें मोल कायद्यानें सारखें मानलें तरी प्रत्यक्षांत तें सारखें नसतें, हें माधवरावांस दररोजच्या कामांतून दिसत होतें.

म्हणून त्यांनीं हात घातला तो थेट इंग्रजी अर्थशास्त्राच्या पायालाच. मनुष्य स्वहितानेंच प्रेरित होतो. भांडवलवाला आणि मजूर हे करार करण्यास सारखेच स्वतंत्र असतात. भांडवल व श्रम जेथें लाभ दिसेल तेथें धांव घेतात. सरकारनें मध्यें पडूं नये. हीं गृहीत तत्त्वें भूमितीच्या सिद्धांतांप्रमाणें सर्व देशीं व सर्व काळीं खरीं मानलीं जात. माधवरावांचें म्हणणें असें कीं, तीं इंग्लंडांतहि पुरतीं खरीं नाहींत. मग हिंदुस्थानांत कोठून असणार? येथें व्यक्तीपेक्षां कुटुंब व जात प्रबळ, करारापेक्षां जन्मसिद्ध दर्जा प्रबळ, आणि चढाओढीपेक्षां रूढि प्रबळ. यावरून त्यांनीं रूढीचें गोडवे गाइले असें मात्र कोणीं समजूं नये. शास्त्र लागू करण्यापूर्वीं समाज पाहावा, एवढेंच त्यांचें सांगणें होतें.

या विचारास त्यांनीं युरोपांतूनच साक्षीदार आणले. जर्मन पंडित फ्रीडरिख लिस्ट यानें राष्ट्राच्या उत्पादक शक्तीस दिलेलें महत्त्व त्यांस पटलें होतें. उष्ण कटिबंधानें कच्चा माल पिकवावा व समशीतोष्ण देशांनीं त्याचें कापड विणावें, ही श्रमविभागणी निसर्गानेंच ठरवून दिली आहे, हें त्यांस मान्य नव्हतें. ज्या देशाचें कापड एके काळीं जगभर जात असे, त्यास हा निसर्गनियम आहे असें सांगणें विपरीतच होतें.

केवळ खंडन करून ते थांबले नाहींत. १८९० सालीं पुण्यांत भरलेल्या औद्योगिक परिषदेचे ते प्रवर्तक होते, आणि पुढच्या वर्षीं शेतीच्या पतपुरवठ्याची पुनर्रचना या विषयावर त्यांनीं युरोपांतील जमीन-पेढ्यांचा दाखला देऊन निबंध लिहिला.

तथापि माधवरावांच्या विचारास एक मर्यादा होती. ते समतावादी नव्हते. १८८१ सालच्या लेखांत त्यांनीं असें मत मांडलें होतें कीं, कसणारा जमिनीस मुकणें हा अनर्थ खरा, परंतु देशभर नुसते लहान शेतकरीच असणें हाहि अनर्थच. गांवांत मोठे व लहान दोन्ही असावे. आतां मोठे व लहान शेजारीं नांदूं लागले म्हणजे सहकार कोणाच्या हातीं जाणार?

या प्रश्नाचें उत्तर पुढील इतिहासानें दिलें. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. सुमारें अर्धशतकानंतर, १९५१-५२ सालच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणींत असें आढळलें कीं, शेतकऱ्यांच्या कर्जापैकीं सहकारी संस्थांचा वांटा शेंकडा ३.१ होता, तर सावकारांचा जवळजवळ ७०. सहकार अपयशी झाला आहे, परंतु तो यशस्वी झालाच पाहिजे, असा निष्कर्ष समितीनें काढला. नुसत्या दुर्बळांनीं एकत्र येऊन बलवंतांशीं टक्कर देतां येत नाहीं, तेथें राज्यसंस्थेनें भागीदार व्हावें लागतें, असें तिचें निदान होतें. समितीचे एक सदस्य धनंजयराव गाडगीळ हे १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटलांनीं उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. तेथें राज्याची मदत, अर्थशास्त्रज्ञाचें ज्ञान आणि शेतकऱ्यांचें भागभांडवल हीं तिन्ही एकत्र आलीं, म्हणून त्या कामास यश आलें.

मात्र कारखान्याचा सभासद होण्यास ऊंस लागतो, ऊंसास पाणी लागतें, आणि ऊंस तोडणाऱ्याजवळ दोन्ही नसतात. सहकारानें सावकाराची जुनी विषमता कमी केली. नवी विषमता कोणाच्या रोख्यांत लिहिली जात आहे, हें पाहाण्यासाठीं माधवरावांप्रमाणें पुन्हां कागदाच्या पाठीमागेंच जावें लागेल.