पेंग्विनांची शुश्रूषा

दुसऱ्याचें दुःख दिसतांच धांवून जाणें हा मनुष्याचा सहजधर्म आहे. परंतु धांवून गेल्यावर काय करावें, हें मात्र शिकावेंच लागतें. दुःखी जीव मुका असेल, तर हें शिक्षण अधिकच कठीण. दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन शहरानें तें कसें घेतलें, याची हकीकत मनन करण्यासारखी आहे.

या शहरासमोर समुद्रांत रॉबेन नांवाचें बेट आहे. नेल्सन मंडेला यांनीं आपल्या २७ वर्षांच्या कारावासापैकीं १८ वर्षें तेथें काढलीं, म्हणून तें जगाला ठाऊक झालें. माणसांनीं तेथील पेंग्विन फार पूर्वीं नामशेष केले होते. ते १९८३ सालीं आपण होऊन परत आले व घरटीं करूं लागले. उत्तरेस डासेन बेटावर तर त्यांची प्रचंड वसाहत होती. या दोन बेटांच्या मधल्या समुद्रांत २३ जून २००० रोजीं, ऐन विणीच्या हंगामांत, ‘ट्रेझर’ नांवाचें लोहखनिजवाहू जहाज बुडालें आणि त्यांतील इंधनतेल पाण्यावर पसरूं लागलें.

पेंग्विनाला उडतां येत नाहीं. समुद्र हेंच त्याचें शेत. त्याच्या पिसांची घट्ट वीण थंड पाण्याला अंगापर्यंत पोहोंचूं देत नाहीं. तेलानें ती वीण उसवली कीं गारठा थेट त्वचेला भिडतो. पक्षी चोंचीनें पिसें साफ करूं लागतो आणि तेंच विष पोटांत जातें. पाण्यांत शिरावें तर गारठून मरण, किनाऱ्यावर बसावें तर उपासमारीनें मरण, अशी त्याची कोंडी होते.

केपच्या किनाऱ्याला हें संकट नवें नव्हतें. १९६७ सालीं युद्धामुळें सुएझचा कालवा बंद पडला, तो १९७५ पर्यंत उघडला नाहीं. त्यामुळें तेलवाहू जहाजांची रीघ आफ्रिकेला वळसा घालून जाऊं लागली. १९६८ सालीं अल्थिया वेस्टफाल या बाईंनीं तेलानें माखलेल्या पक्ष्यांच्या शुश्रूषेसाठीं एक संस्था काढली. ती आज ‘सॅनकॉब’ या नांवानें ओळखली जाते. पुढें १९९४ सालीं ‘अपोलो सी’ हें जहाज बुडालें, तेव्हां सुमारें दहा हजार पेंग्विन तेलानें माखले. त्यांतले जवळजवळ निम्मेच वांचले. कळवळा कमी नव्हता. पण एवढ्या मोठ्या प्रमाणावरच्या कामाचा अनुभव कोणालाच नव्हता.

सहा वर्षांनीं हा अनुभव उपयोगी पडला. या खेपेस तेलानें माखलेले सुमारें एकोणीस हजार पक्षी गोळा झाले. संस्थेची जागा अपुरी पडली, म्हणून सॉल्ट रिव्हर भागांतील रेल्वेची एक भली मोठी वखार घेण्यांत आली. बारा हजारांहून अधिक स्वयंसेवक पुढें आले. परदेशांतील प्राणिसंग्रहालयें, मत्स्यालयें व पक्षिरक्षक संस्था यांतील अनुभवी माणसें समुद्र ओलांडून आलीं, आणि त्यांनीं नवख्या हातांना वळण लावलें.

काम दिसावयास साधें, करावयास कठीण. पक्षी आणला कीं लगेच धुवावयाचा नाहीं. आधीं त्याला पाणी व अन्न देऊन सशक्त करावयाचा. मग अंगावर खाद्यतेल लावून चिकट थर सैल करावयाचा, साबणासारख्या द्रावणानें धुवावयाचा, डोळ्यांभोंवतालचा भाग दांत घासण्याच्या ब्रशानें हलकेच साफ करावयाचा आणि शेवटीं साबणाचा अंशही राहूं द्यावयाचा नाहीं. मेलेला मासा पेंग्विन आपण होऊन सहसा उचलीत नाहीं. तो एकेकाला धरून भरवावा लागे. पक्षी कृतज्ञता दाखवीत नसे. तो चावे व पंखांचे फटकारे मारी. त्याला कुरवाळणें म्हणजे त्याची भीति वाढविणें होय. ज्याच्यावर प्रेम आहे त्याला प्रेमानें स्पर्शही करूं नये, हा या सेवेंतील पहिला धडा.

दुसरा धडा याहून कठोर होता. बेटांवर अजून तेल न लागलेले हजारों पक्षी होते. ते पाण्यांत उतरते तर तेही माखले असते. म्हणून असे सुमारें साडेएकोणीस हजार पक्षी पकडून, त्या वेळीं पोर्ट एलिझाबेथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहराकडे, सुमारें ८०० कि. मी. पूर्वेस नेऊन समुद्रांत सोडण्यांत आले. हिशेब असा, कीं ते पोहत घरीं परततील तोंवर किनारा स्वच्छ होईल. पीटर, पर्सी व पामेला या तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारीं यंत्रें बसविलीं होतीं. त्यांचा परतीचा प्रवास लोक उत्सुकतेनें पाहत होते. हिशेब खरा ठरला. परंतु त्यासाठीं आईबापांना घरट्यांपासून तोडावें लागलें. तीन हजारांहून अधिक पोरकीं पिल्लें माणसांनीं हातानें भरवून वाढविलीं. सगळींच वांचवितां आलीं नाहींत.

तेलानें माखलेल्यांपैकीं शेंकडा नव्वदांच्या आसपास पक्षी बरे होऊन समुद्रांत परतले. १९९४ च्या मानानें हें यश फार मोठें. आजही परदेशांतील स्वयंसेवक स्वखर्चानें या संस्थेंत कांहीं आठवडे राबावयास जातात.

तरीही कथा येथें संपत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं या जातीचे दहा लाखांहून अधिक पक्षी होते, असा अंदाज आहे. पुढें अंडीं गोळा केलीं गेलीं, आणि ज्या विष्ठेच्या थरांत ते बिळें करीत ते थर खतासाठीं खरवडून नेले गेले. अलीकडे तारली व मांदेली यांच्या जातीचे लहान मासे, म्हणजे त्यांचें मुख्य अन्न, समुद्रांत दुर्मिळ झालें. २०२४ सालीं या पेंग्विनाची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. विणीच्या जोड्या दहा हजारांहूनही कमी उरल्या होत्या. २०२५ च्या मार्चमध्यें न्यायालयाच्या हुकुमानें सहा वसाहतींभोंवतालच्या पाण्यांत या माशांच्या व्यापारी मासेमारीवर निर्बंध आले.

स्वयंसेवकाचा हात एक पक्षी धुऊं शकतो, आणि त्या एका पक्ष्याला तो हात म्हणजेच सर्वस्व. परंतु धुतलेला पक्षी ज्या समुद्रांत सोडावयाचा, त्या समुद्रांत त्याच्या वांट्याचा मासा शिल्लक ठेवणें हें हजारों हातांचें नव्हे, तर राज्यकर्त्यांचें, व्यापाऱ्यांचें आणि कायद्याचें काम आहे. पहिलें काम केप टाउननें उत्तम करून दाखविलें. दुसरें आतां कोठें सुरू झालें आहे.