तोंडचें पाणी

मृग नक्षत्र कोरडें जाऊं लागलें म्हणजे अंबडच्या किंवा घनसावंगीच्या शेतकऱ्याच्या तोंडचें पाणी पळतें. आणि तोच शेतकरी बागेंतली पहिली मोसंबी सोलूं लागला कीं भोंवतालच्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटतें. जालन्याच्या ह्या मोसंबीला आतां भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. पण तें असो. मला आज बोलावयाचें आहे तें त्या पाण्याविषयीं. भीतीनें तें आटतें आणि आशेनें सुटतें, हें आपल्या भाषेला फार पूर्वींपासून ठाऊक आहे. तें किती आटलें, हें मोजण्याची विद्या मात्र मनुष्याला फार उशिरा साधली. आणि तोंवर ह्या अज्ञानाची किंमत कित्येक निरपराध्यांना मोजावी लागली असेल.

आपल्या प्राचीन न्यायपद्धतींत साक्षीपुरावा संपला म्हणजे दिव्य करवीत. याज्ञवल्क्यानें तुला, अग्नि, जल, विष आणि कोश अशीं पांच दिव्यें सांगितलीं; इतर स्मृतिकारांनीं चोरीच्या आरोपासाठीं तंडुलदिव्य सांगितलें. याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' विज्ञानेश्वरानें इ. स. ११०० च्या सुमारास चालुक्यांच्या कल्याणींत लिहिली. तें कल्याणी आज बीदर जिल्ह्यांत, मराठवाड्याच्या शिंवेलगत आहे. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्याच काठीं, वरच्या अंगाला, पैठण आहे. तेथील धर्मसभेकडे दूरदूरचे तंटे निवाड्यासाठीं येत. म्हणजे ज्या ग्रंथांत हीं दिव्यें नांदत होतीं, ते ग्रंथ आपल्या ह्या मुलखाला परके नव्हते.

तंडुलदिव्याची रीत अशी. संशयितानें उपाशीपोटीं स्नान करावें, पूर्वेकडे तोंड करून उभें राहावें, दिलेले साळीचे तांदूळ चावावे आणि पिंपळाच्या अथवा भूर्जाच्या पानावर थुंकावे. थुंकींत रक्त दिसलें, जबडा-टाळू सोलवटला किंवा अंग कांपूं लागलें, तर तो दोषी! शास्त्रकारांनीं कोरड्या तोंडाचें नांव घेतलेलें नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु लाळ आटलेल्या तोंडांत कच्चे तांदूळ चावले तर टाळूची काय अवस्था होईल, हें सांगावयास वैद्य नको. ही परीक्षा निव्वळ अंधश्रद्धा होती असें म्हणून मी मोकळा होणार नाहीं. तिच्या मुळाशीं एक अचूक निरीक्षण होतें. चुकला तो निष्कर्ष. गुन्हेगार घाबरतो हें खरें, पण भरल्या चावडीपुढें उभा केलेला निरपराधी काय निर्भय असतो? शिवाय त्या माणसाचें तोंड एरवीं किती ओलें असतें, हें कोणीं पाहिलें होतें?

लाळ येते कोठून, हेंच मुळीं नीट ठाऊक नव्हतें. १६६० सालीं ॲम्स्टरडॅम येथें निकोलस स्टेनो ह्या बाविशींतल्या डॅनिश विद्यार्थ्यानें मेंढीचें मुंडकें चिरतांना एका नळींत सळई सारली, आणि ती आंत दांतांवर आपटल्याचा आवाज त्याला ऐकूं आला! कानापुढील पिंडाची लाळ गालांत आणणारी ती वाहिनी होय. (ह्या शोधाच्या श्रेयावरून पुढें त्याच्या गुरूनेंच त्याच्याशीं वाद घातला.) पुढें रशियांत, पाव्हलोव्हच्या प्रयोगशाळेंत, ग्लिन्स्कीनें १८९५ सालीं कुत्र्याच्या लाळवाहिनीचें तोंड शस्त्रक्रियेनें गालाबाहेर आणलें; आतां थेंब मोजतां येऊं लागले. मनुष्यावर असें करणें योग्य नव्हे. ती अडचण अमेरिकेंत कार्ल लॅशले ह्यानें १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या लहानशा चकतीनें दूर केली. चकतींत दोन कप्पे, एकाभोंवतीं एक. बाहेरच्या कप्प्यांतील हवा ओढून घेतली कीं चकती गालाला आंतून चिकटून बसे. आंतल्या कप्प्यांत वाहिनीचें तोंड येई आणि लाळ नळीवाटे बाहेर ठिबके. ना चिरफाड, ना वेदना.

आज सर्व लाळ मिळून मोजावयाची तर ह्याहूनहि साधी रीत पुरते. तासदीड तास कांहीं खाऊंपिऊं नये. एकदां गिळून तोंड रितें करावें, मान खालीं घालावी, आणि पांच मिनिटें, न गिळतां, लाळ आधीं तोललेल्या पेल्यांत ओघळूं द्यावी. पेला पुन्हां तोलावा; एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिलिलिटर. निरोगी माणसाची स्वस्थ बसलेली लाळ मिनिटाला सरासरी ०·३ ते ०·४ मिलिलिटर भरते. मेण चघळावयास दिलें तर ती एक-दोन मिलिलिटरपर्यंत चढते. स्वस्थ बसून ०·१ च्या खालीं गेली तर ती विकृति समजतात. झोपेंत ती जवळजवळ थांबते. म्हणून मोजण्याची वेळहि ठरलेली असावी लागते.

मात्र ह्या सरासरीवर विसंबून रोग्याला खोटें पाडूं लागलों, तर आपणहि पानावरच्या थुंकीकडे बोट दाखविणारे परीक्षकच ठरूं. एखाद्याची लाळ मुळांतच विपुल असते. ती निम्म्यावर आली कीं त्याला कोरड जाणवूं लागते, आणि आंकडा मात्र अद्यापि निरोगी दिसत असतो. तंबाखूपायीं मुखाचा कर्करोग जडलेल्या रोग्याला किरणोपचार द्यावयाचे असतात, तेव्हां लाळपिंड करपण्याचें भय असतें. अशा वेळीं उपचारांपूर्वींच त्याची लाळ मोजून ठेवावी, आणि पुढें त्याच घटकेला, त्याच रीतीनें पुन्हां मोजावी. मग तो रोगी घांस गिळवत नाहीं, रात्रीं पाण्याचा तांब्या उशाशीं ठेवावा लागतो, असें म्हणाला तर डॉक्टरापाशीं ताडून पाहावयास त्याचाच जुना आंकडा असतो.