स्टुडंट की ‘टॅलेंट’? फ्रान्सच्या व्हिसा-फॉर्ममागचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

मागच्या आठवड्यात अकलूजहून एका ज्युनिअरचा फोन आला. फ्रान्समधल्या एका विद्यापीठात पीएचडीची जागा मिळालीय, तीन वर्षांचा पगारी करार हातात आलाय, घरी पेढे वाटून झालेत. आता व्हिसा. एका सल्लागाराने तिला सांगितलं, ‘शिकायलाच चाललात ना? मग स्टुडंट टाका, सोपा पडतो.’ ती विचारत होती, ‘ताई, टाकू का?’

मी म्हटलं, थांब. तिचा नवरा इथे कॉलेजवर तासिका तत्त्वावर शिकवतो. तो बरोबर जाणार आणि तिथे काही काम शोधणार, असं दोघांचं ठरलंय. चुकीच्या रकान्यात खूण केली तर त्याचे हात बांधले जाणार. का बांधले जाणार, हे सांगता सांगता मी इतिहासात शिरले. वसाहतकाळातल्या मुंबई इलाख्यातून परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं हाच माझा विषय, त्यामुळे ते व्हायचंच होतं. फोनवर अर्धवट राहिलेलं इथे लिहिते. तुमच्यापैकी जे युरोपात संशोधनाला जायच्या तयारीत आहेत, त्यांना उपयोगी पडेल.

अकलूजची माणसं हे चित्र ओळखतील. दिवाळी झाली की शंकरनगरच्या साखर कारखान्याच्या आसपास ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बीडकडून बैलगाड्या, ट्रॅक्टर, पोरंबाळं, सगळं येतं. मुकादमाच्या उचलीचा हिशोब डोक्यावर असतोच. पण जिल्ह्याची हद्द ओलांडताना ‘तुम्ही नुसते राहायला आलात की कामाला आलात?’ असं त्यांना कुणी विचारत नाही.

फ्रान्सने परक्या माणसाला नेमका हाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. १८८८च्या हुकुमाने आधी एवढंच म्हटलं होतं की राहायला आलेल्या परकीयाने नगरपालिकेत जाऊन आपली नोंद करावी. मग ८ ऑगस्ट १८९३चा कायदा आला. त्याच्या नावातच परकीयांचं वास्तव्य आणि ‘राष्ट्रीय श्रमाचं संरक्षण’ या दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. धंदा, व्यापार किंवा मजुरी करायला आलेल्याने आठ दिवसांत नोंद करायची. तेव्हा तिथे बेल्जियन आणि इटालियन मजूर मोठ्या संख्येने यायचे आणि ते आमची मजुरी पाडतात, अशी स्थानिकांची ओरड होती. कायदा होऊन दहा दिवस व्हायच्या आत, १६ आणि १७ ऑगस्टला, दक्षिण फ्रान्समधल्या एग-मोर्त या गावी मिठागरांवर हंगामी कामाला आलेल्या इटालियन मजुरांवर जमाव चालून गेला. किमान आठ जण मारले गेले. हंगामी मजूर, ठेकेदार, अंगावरचं काम. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्याकडच्या कोप्याच दिसल्या होत्या.

तेव्हापासून फ्रान्सच्या कागदपत्रांत परकीयांचे दोन ढीग पडले. एक नुसते राहणारे, दुसरे कमावणारे. आजचा व्हिसा-फॉर्म या विभागणीचाच वारस आहे.

आपली माणसं त्या काळात तिथे जात होती का? जात होती, आणि बहुतेकदा पासपोर्टशिवाय. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढचे सेनापती बापट, १९०४ मध्ये मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती घेऊन एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. राजकीय भाषणामुळे शिष्यवृत्ती गेली. तिथून ते पॅरिसला गेले आणि रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या घेऊन १९०८ मध्ये परत आले. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांचा ‘प्रवासाचा उद्देश’ वाटेतच बदलला, आणि त्यासाठी कुठल्या दूतावासात फॉर्म भरावा लागला नाही. आज शिष्यवृत्ती गेली तर पहिला प्रश्न व्हिसाचाच येतो.

पण कागद नसणं म्हणजे स्वातंत्र्य, असं लगेच समजू नका. ८ जुलै १९१०ची मार्सेलची उडी आपण सगळ्यांनी शाळेत वाचलीय. ‘मोरिया’ बोटीतून सावरकर किनाऱ्याला पोहोचले, फ्रेंच भूमीवर उभे राहिले आणि एका फ्रेंच सागरी पोलिसाने त्यांना पकडून परत बोटीवर दिलं. आपल्याकडच्या गोष्टी बहुतेक इथे थांबतात. संशोधकाने पुढे जायला हवं. फ्रान्समध्ये यावरून गदारोळ झाला, मार्क्सचा नातू जाँ लोंगे याने प्रकरण लावून धरलं, आणि वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११चा निवाडा जेमतेम काही पानांचा आहे, तो स्वतः वाचा. लवाद मान्य करतो की अटक करून सोपवण्यात अनियमितता झाली. तरीही म्हणतो की परक्या अधिकाऱ्याच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत करण्याचं बंधन आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. बोटीवर नजर ठेवण्याबद्दल दोन्हीकडच्या पोलिसांचा पत्रव्यवहार आधीच झाला होता, त्याला लवादाने महत्त्व दिलं. वाद दोन सरकारांमधला होता. ज्याने उडी मारली त्याला स्वतःला काही हक्क आहे का, हे त्यांना ठरवायचंच नव्हतं.

पहिल्या महायुद्धाने हे जग बंद केलं. पॅरिसमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या मादाम कामांना नजरकैदेत ठेवलं गेलं, सरदारसिंह राणांना थेट मार्टिनिक बेटावर पाठवलं. १९१७ मध्ये फ्रान्सने परकीयांसाठी ओळखपत्र आणलं, इकडे १९२० मध्ये इंडियन पासपोर्ट ॲक्ट आला. स्वातंत्र्यानंतरही पासपोर्ट देणं सरकारच्या मर्जीवर होतं. परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात म्हटलं, तेव्हा कुठे त्याच वर्षी पासपोर्टचा नवा कायदा झाला.

आता आपल्या मुद्द्याकडे. ‘राहणारा’ आणि ‘कमावणारा’ या दोन ढिगांत संशोधक बसेना. तो शिकतोही आणि पगारही घेतो. म्हणून १९९८च्या कायद्याने ‘वैज्ञानिक’ नावाचा वेगळा परवाना काढला. ७ मार्च २०१६च्या कायद्याने तो ‘पासपोर्ट-टॅलेंट’ या मोठ्या छत्रीखाली गेला. हल्ली त्यातला ‘पासपोर्ट’ शब्द गळून नुसतं ‘टॅलेंट’ राहिलंय. नाव जरा भपकेबाज आहे, पण ते रिॲलिटी शोसाठी नसून तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी आहे, हे माझ्या आईला पटवायला मला वेळ लागला.

फरक काय पडतो ते बघा. स्टुडंट व्हिसावर तुम्ही कायद्याच्या नजरेत आधी विद्यार्थी असता आणि वर्षाला ९६४ तासांपर्यंतच काम करू शकता. हे पूर्णवेळ कामाच्या साठ टक्के झालं. रेस्टॉरंटमध्ये किंवा लायब्ररीत अर्धवेळ काम करणाऱ्या एमएच्या मुलाला ते पुरतं, पूर्णवेळ पगारी पीएचडीला पुरत नाही. जोडीदारालाही त्यातून आपोआप कामाचा हक्क मिळत नाही. ‘टॅलेंट-संशोधक’मध्ये मात्र जोडीदाराला ‘टॅलेंट-कुटुंब’ म्हणून राहता येतं आणि नोकरीही करता येते.

त्यासाठी एक कागद लागतो, त्याचं नाव ‘कोंव्हांस्यों दाकय’, म्हणजे यजमान करार. तो विद्यापीठच देतं. ॲडमिशनचं पत्र वेगळं, नोकरीचा करार वेगळा आणि हा वेगळा. तो आपोआप येईल असं धरून बसू नका. करारावर सही झाली की त्याच दिवशी गाइडला आणि विद्यापीठाच्या परदेशी-संशोधक कक्षाला मेल टाका. नियम बदलत असतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी फ्रान्सची सरकारी व्हिसा साइट पुन्हा वाचा. माझ्या किंवा कुणाच्याही ब्लॉगवर विसंबू नका. आणि पगारी करार नसेल, फक्त मास्टर्सला चालला असाल, तर स्टुडंट हाच तुमचा व्हिसा. तिथे उगाच ‘टॅलेंट’च्या मागे लागू नका.

सल्लागाराने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. त्याच्या डोक्यातही तेच दोन ढीग आहेत आणि पीएचडीवाली मुलगी त्याने सरळ पहिल्यात टाकली.

काल पुन्हा फोन आला. तिने विद्यापीठाला मेल केलाय आणि उत्तर आलंय की यजमान कराराला तीन-चार आठवडे लागतील. अपॉइंटमेंटची तारीख तिने त्याप्रमाणे पुढे ढकललीय. नवऱ्याने मात्र फ्रेंचचे धडे आत्ताच सुरू केलेत.