बिनबॅटरीच्या रेडिओची कुळकथा

ना वीज, ना बॅटरी, तरी बोलणारा रेडिओ नगरसारख्या गावात शाळकरी पोरांची टोळी मिळूनच जुळवत असे, कारण एकट्याचे ते काम नव्हे. एकाने पुठ्ठ्याच्या नळीवर एनॅमलची तार गुंडाळायची, दुसऱ्याने मोडक्या रेडिओतला केंद्र जुळवायचा गँग कंडेन्सर काढून आणायचा, तिसऱ्याने माळवदावर चढून एरिअल ताणायची आणि अर्थिंग नळाच्या पाइपाला द्यायचे. हेडफोन एकच, त्यामुळे ऐकायला पाळ्या.

पुणे आकाशवाणी १९५३ साली सुरू झाली आणि नगरला त्यातल्या त्यात जवळचे केंद्र मिळाले. तरी अंतर सुमारे १२० किलोमीटर. म्हणून एरिअल लांब आणि उंच लागे.

या रेडिओचा सगळा जीव डिटेक्टरमध्ये असतो. एरिअलमध्ये उमटणारा प्रवाह सेकंदाला लाखो वेळा पुढे-मागे होतो आणि हेडफोनच्या पडद्याला तेवढ्या वेगाने हलता येत नाही. डिटेक्टर प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो, तेव्हा कुठे लहरीवर स्वार झालेले बोल आणि सूर कानावर येतात. पुढे हे काम जर्मेनियमचा डायोड करू लागला. त्याचा पूर्वज म्हणजे गॅलिना, शिशाचे चकचकीत खनिज. ते वापरून लहरी टिपणाऱ्या डिटेक्टरसाठी जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ साली अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला, तो १९०४ साली मंजूर झाला. बोसांना मुळात पेटंटच नको होते. सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी आग्रह धरला म्हणून अर्ज गेला. आपल्याला बोस भेटतात ते वनस्पतींच्या धड्यात, आणि डायोड हातात घेणाऱ्या पोराला हे नाव कुणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

घरच्या घरी रेडिओ जमवणे पुढे जोखमीचेही झाले, कारण आता तो ऐकण्यासाठी नव्हे, तर ऐकवण्यासाठी होता. ऑगस्ट १९४२मध्ये ‘भारत छोडो’ आंदोलनात नेहरू, पटेल, आझाद नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान झाले. सुरुवातीला त्यांना वर्तमानपत्रही मिळत नव्हते. त्याच महिन्यात, २७ तारखेला, मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, ४२.३४ मीटरवर. जागा बदलत बदलत त्यांनी तो १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत चालवला. नेत्यांचा आवाज बंद झाला होता, तेव्हा या तरुण मुलांनी देशाला बातम्या ऐकवल्या. दुसऱ्या महायुद्धातच, १९४४ साली इटलीत आंझिओच्या खंदकांत सैनिकांनी तर रेडिओ ऐकण्यासाठी दाढीचे ब्लेड आणि पेन्सिलीतले ग्राफाइट यांचाच डिटेक्टर केला.

नगरची रेडिओ जमवणारी पोरे नुसते ऐकून थांबत नसत. जुन्या चुंबकवाल्या हेडफोनसमोर बोलले की त्याच्या तारांत प्रवाह तयार होतो, म्हणजे तोच माइक. वॉल्व्हच्या रेडिओला मागे ग्रामोफोनसाठी पिक-अपची दोन भोके असत. माइकच्या तारा त्यांत घालायच्या, बेंजोसारखे वाद्य मोठ्याने ऐकू यावे म्हणून माइक त्याच्या लाकडाला घट्ट बांधायचा आणि आवाजाचे बटण जपून फिरवायचे. स्पीकर फार जवळ ठेवला तर शिट्टी सुरू होते. तो दुसऱ्या खोलीत ठेवायचा.