रोजगार हमी योजना आणि ग्रामीण श्रमिक स्त्री : मजुरीचा हक्क व मालमत्तेचा प्रश्न

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कष्टकरी स्त्रीची आर्थिक स्थिती सुधारण्यात शासकीय धोरणाचा वाटा किती, हा प्रश्न निघाला की बहुधा १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आणि १९७६ चा समान वेतन कायदा यांचा उल्लेख होतो. या कायद्यांचे महत्त्व नाकारता येत नाही. परंतु परक्याच्या शेतात खुरपणी, वेचणी व कापणी करणाऱ्या स्त्रीला त्यांचा लाभ क्वचितच मिळाला. तिच्या कामाची नोंद कोठेही होत नव्हती आणि तिचा मालक हंगामागणिक बदलत होता. भारतातील स्त्रियांच्या दर्जाचा अभ्यास करणाऱ्या समितीने १९७४ च्या अहवालात स्त्रियांच्या रोजगाराची घसरण देशापुढे मांडली. त्याच काळात महाराष्ट्रात मात्र ग्रामीण स्त्रीला हक्काचे काम देणारी एक योजना आकार घेत होती. ती म्हणजे रोजगार हमी योजना होय. या योजनेने श्रमिक स्त्रीला काय दिले व काय दिले नाही, याचे ऐतिहासिक विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

योजनेची पार्श्वभूमी

दुष्काळात शासनाने कामे काढण्याची प्रथा जुनी आहे. ब्रिटिश राजवटीतील दुष्काळी कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने असत. मात्र पुरुष, स्त्रिया व मुले यांच्या मजुरीचे दर वेगवेगळे ठरवलेले असत. शिवाय ते काम म्हणजे सरकारची कृपा होती, मजुराचा हक्क नव्हे.

या कल्पनेला छेद देण्याचे श्रेय प्रामुख्याने विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांना जाते. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये ही योजना राज्यभर लागू करण्यात आली. त्याच सुमारास राज्यावर भीषण दुष्काळ कोसळला आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम संमत केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. खर्चासाठी व्यवसाय करासारखे कर बसवण्यात आले आणि त्यांतून जमा होणाऱ्या रकमेइतकीच रक्कम राज्य शासनाने घालावी, अशी तरतूद झाली. शहरातील नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा पैसा अशा रीतीने खेड्यातील मजूर स्त्रीच्या हाती पोहोचू लागला.

मजुरीचा हक्क : स्त्रीला काय मिळाले

कायद्याने कामाचा हक्क कुटुंबाला न देता अठरा वर्षांवरील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दिला, ही या योजनेची स्त्रीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची बाजू होय. विवाहित, विधवा वा परित्यक्ता स्त्री स्वतःच्या नावाने काम मागू शकत होती. मजुरीचे दर कामाच्या मापावर ठरत असल्याने स्त्रीसाठी वेगळा, कमी दर राहिला नाही. शेतमजुरीत मात्र त्याच गावात स्त्रीला पुरुषापेक्षा कमी मजुरी देण्याचा रिवाज चालूच होता. त्यामुळे योजनेचे काम सुरू असले की गावातील बागायतदारालाही मजुरीचा विचार करावा लागे.

स्त्रियांनी या संधीला दिलेला प्रतिसाद मोठा होता. वेगवेगळ्या पाहण्यांत कामावरील स्त्रियांचे प्रमाण साधारणपणे चाळीस टक्क्यांच्या आसपास आढळले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील कुमुदिनी दांडेकर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात या योजनेचा विचार स्त्रियांसाठी रोजगाराची संधी म्हणूनच केला. योजना आखताना तिला स्त्रियांची योजना असे कोणी म्हटले नव्हते. स्त्रियांनी कामावर येऊन ती तशी केली.

समानतेच्या मर्यादा

तथापि समान दर म्हणजे समान कमाई नव्हे. मातीकामात पुरुषाने कुदळीने खणावे व स्त्रीने पाटी वाहावी, अशी विभागणी रूढ होती. माप घेतले जाई ते खणलेल्या खड्ड्याचे, आणि मजुरी मिळे ती टोळीला. त्यामुळे जिच्याबरोबर खणणारा पुरुष नाही अशा एकट्या स्त्रीला टोळीत शिरकाव मिळवणे कठीण जाई. म्हणजे ज्या स्त्रीला कामाची सर्वाधिक निकड, तिलाच कामाची रचना प्रतिकूल होती. कामाचे ठिकाण निवडण्याची मुभा मजुराला नव्हती. ते दूर असल्यास लहान मुलांच्या आईची अडचण होई. पाळणाघर, सावली व पिण्याचे पाणी यांची तरतूद नियमांत होती, पण तिचे पालन सर्वत्र सारखे नव्हते.

मालमत्तेचा प्रश्न

यापेक्षा गंभीर प्रश्न योजनेतून निर्माण होणाऱ्या मालमत्तेचा होता. पाझर तलाव, नालाबांध व जमिनीची बांधबंदिस्ती ही योजनेची प्रमुख कामे. पाझर तलावामुळे विहिरींचे पाणी वाढले; पण ज्यांच्या विहिरी, त्यांचे वाढले. १९९० च्या सुमारास योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाल्यावर हा विरोधाभास अधिक ठळक झाला. खड्डे खणण्याची मजुरी हमीच्या निधीतून दिली जाई आणि झाड मात्र ज्याच्या नावे सातबारा, त्याचे होई. ग्रामीण भागात सातबाऱ्यावर स्त्रीचे नाव क्वचित असे. जिने पाटी वाहिली तिची मिळकत काम संपताच थांबली. ज्याच्या शेतात काम झाले त्याचे उत्पन्न वर्षानुवर्षे चालू राहिले.

हा प्रश्न कष्टकऱ्यांच्या चळवळींनी ओळखला होता. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न ठरवता माणशी ठरवला व भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला. ज्या सांगली जिल्ह्यात विसापूरचा प्रयोग झाला, त्याच जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने रोजगार हमीच्या मजुरांना संघटित करून केवळ खडी फोडण्याच्या कामांवर प्रश्नचिन्ह उभे केले. येरळा नदीवरील बळीराजा धरणाच्या पाणीवाटपात भूमिहीनांना वाटा देण्याचे तत्त्व याच मंथनातून पुढे आले. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमाने पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचा आग्रह धरला.

शासनानेही पावले उचलली. जून १९९४ मध्ये महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केले. त्याच वर्षी हिंदू उत्तराधिकार कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला सहदायादाचा हक्क दिला. केंद्राने असा बदल २००५ मध्ये केला. परंतु वारसाहक्काचा उपयोग ज्या घरात जमीन आहे तेथेच होतो. हमीच्या कामावर येणारी भूमिहीन स्त्री या सुधारणेच्या बाहेरच राहिली. मजुरीचे धोरण एका खात्यात व मालमत्तेचे धोरण दुसऱ्या खात्यात, अशी ही फारकत होती.

निष्कर्ष

१. व्यक्तीला दिलेला कामाचा हक्क आणि मापावर आधारित समान दर या दोन गोष्टींमुळे रोजगार हमी योजना ग्रामीण स्त्रीला इतर अनेक कायद्यांपेक्षा अधिक उपयोगी ठरली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता; त्या कायद्यात लाभार्थींपैकी किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद झाली. मात्र शंभर दिवसांची हमी व्यक्तीऐवजी कुटुंबाला मिळाली, हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

२. कामाचे माप व टोळीची रचना पुरुषी श्रम प्रमाण मानून केल्याने एकट्या स्त्रीचे नुकसान झाले. धोरण आखताना पाटी वाहण्याच्या श्रमाचे स्वतंत्र मोजमाप व्हावयास हवे होते.

३. मजुरीने स्त्रीचा हंगाम निभावला, पण तिची पत वाढली नाही. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या पाणी, झाडे व जमीन या मालमत्तेत श्रम करणाऱ्या स्त्रीचा वाटा नोंदला जाणे, ही आर्थिक दर्जा उंचावण्याची खरी अट होय. हजेरीपटावर चढलेले तिचे नाव सातबाऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे काम धोरणाकडून व्हावयाचे राहिले.