सांदवाडीतला कोठा : मयाल, फाटे आणि टिनाचा इतिहास

आज धानाचं नाही, खताचंही नाही. आज कोठ्याचं लिहितो. जरा लांब आहे, पण पावसाळ्याआधी वाचून घ्या, कामी येईल.

गेल्या वर्षी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, मी स्वतःच्या हातानं एक कोठा उभा केला. सोळा फूट लांब, बारा फूट रुंद. तणीस, फवारणीचा पंप, नांगर-वखर ठेवायला. आयुष्यातलं पहिलंच बांधकाम. सहा खांब गाडले, वर आडव्या बल्ल्या ठोकल्या, टीन टाकलं. चार दिवसांत काम फत्ते. फोटोही टाकला होता, तुम्ही शाबासकीही दिली होती.

पुढं काय झालं ते सांगितलं नव्हतं. मे महिन्यात एका संध्याकाळी अवकाळी वारं सुटलं आणि अख्खं छप्पर बल्ल्यांसकट उचललं गेलं. दोन बांध्या ओलांडून धुऱ्यावर जाऊन पडलं. आई पाच मिनिटं आधी तिथंच गोवऱ्या झाकत होती. ती पाच मिनिटं आठवली की अजूनही पोटात गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी गावातले म्हातारे वाढईबाबा काठी टेकत आले. उरलेले खांब पाहिले, हातानं हलवले आणि म्हणाले, "बाबू, हा कोठा नाई, हा पतंग होय. तुनं दोर बांधाचा राहिला."

मी हसलो, पण प्रश्न डोक्यात बसला. बाजूलाच आजोबांचा जुना कोठा उभा होता. सत्तर वर्षं झाली, एवढी वादळं गेली, त्याचं छप्पर कधी उडालं नाही. त्यात ना नटबोल्ट, ना लोखंडी पट्टी. मग त्याला काय धरून होतं?

उत्तर सोपं निघालं : वजन. जुन्या कोठ्यावर कुंभाराच्या हातचे नळीचे कवेलू होते. ते उतरवले तेव्हा ट्रॉलीच्या दोन खेपा भरल्या. माझं टीन सारं मिळून एक क्विंटलच्या आसपास. कवेलूचं छप्पर स्वतःच्या भारानं बसून राहतं. खालच्या लाकडाचं काम एकच, तो भार पेलणं. म्हणून खांब मांडीएवढे, मयाल त्याहून जाड, त्यावर फाटे, फाट्यांवर बांबूच्या कमच्या आणि वर कवेलू. खांबाला वर नैसर्गिक बेचकं असलं की खिळ्याचीही गरज नाही, मयाल त्यात बसतो. नाहीतर एका लाकडाला खाच, दुसऱ्याला जीभ आणि मधून लाकडाची खुंटी. कमच्या बांधायला माहूल वेलीच्या सालीचा दोर.

आजोबांचा कोठा उकलला तेव्हा मयाल बीजाचा निघाला, खांब सागाचे, दोन खांब ऐनाचे. जमिनीतला बुडखा उधईनं खाल्लेला, वरचं लाकूड टणक. लाकडाचा व्यापारी आला, भाव सांगून गेला. पैशाची गरज होती, खोटं कशाला बोलू. पण मला आधी हे जाणून घ्यायचं होतं की पाच एकरांच्या कास्तकारानं एवढं लाकूड आणलं कुठून?

इथून इतिहास सुरू होतो.

आपला भाग तेव्हा मध्यप्रांतात, भंडारा जिल्ह्यात. इंग्रजांनी १८६१ मध्ये मध्यप्रांत केला आणि त्याच दशकात गावोगावच्या मालगुजारांना जमिनीची मालकी लिहून दिली. गावाचा सारा गोळा करणारा माणूस गावाचा मालक झाला. गावाला लागून असलेलं जंगलही त्याचं. पण रयतेला त्या जंगलातून घरासाठी, नांगरासाठी, जळणासाठी लाकूड घेण्याची वहिवाट होती. तिचं नाव निस्तार. बंदोबस्ताच्या कागदांत 'वाजिब-उल-अर्ज' नावाचा दस्त असायचा, त्यात गावाच्या अशा चालीरीती लिहून ठेवत. कुठलं लाकूड मोकळं, कुठल्याला मालगुजाराची परवानगी, हे सारं त्यात यायचं.

मालगुजारी म्हणजे सोन्याचा काळ होता असं समजू नका. बेगार होती, मिजास होती. तलाव बांधणारे हात रयतेचे आणि नाव मालगुजाराचं, असंही पुष्कळ ठिकाणी होतं. पण घर बांधायला लाकूड विकत घ्यायचं असतं, ही कल्पनाच गावात नव्हती. आजी सांगायची की घर बांधायचं ठरलं की हिवाळ्यात चार घरचे लोक बैलगाड्या घेऊन जंगलात जात, लाकूड आणून वर्षभर तलावाच्या पाळीवर पडू देत. वाढई मजुरी पैशात घेत नसे, खळ्यावर धान घेई. म्हणजे कोठ्याला लागायचं ते सारं, लाकूड, बांबू, दोर, कवेलू आणि कारागीर, पायी जाता येईल एवढ्या टापूतलं.

मग जंगलाला दुसरं गिऱ्हाईक भेटलं. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नागपूरहून राजनांदगावकडं मीटरगेज रेल्वे गेली. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिनं ती लाईन घेऊन रुंद केली. १९०३ ते १९०५ च्या दरम्यान गोंदियाहून बालाघाट, नैनपूर, जबलपूरकडं जाणारी छोटी लाईन झाली. रुळाखाली स्लीपर लागतात आणि स्लीपरला साल-सागासारखं पक्कं लाकूड लागतं. एका मैलाला दोन हजारांच्या आसपास. ज्या लाकडाचा हिशेब कोणी ठेवत नव्हतं, त्याला एकाएकी भाव आला.

भाव आला की कायदाही येतो. जंगलाचा पहिला कायदा १८६५ चा, दुसरा १८७८ चा आणि तिसरा १९२७ चा. सरकारी जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पडले. राखीव जंगलात जे स्पष्ट परवानगीनं मिळेल तेवढंच आपलं, बाकी गुन्हा. मालगुजारी जंगलात निस्तार चालू राहिला, पण मालगुजारालाही आता ठेकेदाराचा पैसा दिसत होता.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. मध्यप्रदेश सरकारनं (आपण तेव्हा मध्यप्रदेशात, १९५६ पर्यंत) १९५० च्या कायद्यानं मालगुजारांचे हक्क काढून घेतले. तलाव सरकारजमा झाले. आज आपण ज्यांना 'मामा तलाव' म्हणतो, ते माजी मालगुजारी तलाव हेच. जंगलही सरकारजमा झालं. मालगुजार गेला हे चांगलंच झालं. पण निस्तार मागायला पूर्वी वाड्यावर जायचो, आता नाक्यावर जायला लागलो. आजोबांनी कोठा बांधला तो या बदलाच्या एक-दोन वर्षं आधी. म्हणजे तो बीजाचा मयाल आमच्या घरातला बहुतेक शेवटचा निस्ताराचा मयाल.

महाराष्ट्र झाल्यावर १९६४ मध्ये वृक्षतोडीचा कायदा आला. सागासारखं अनुसूचीतलं झाड तुमच्या स्वतःच्या धुऱ्यावर असलं, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. जंगल वाचायला हे लागतंच, त्यावर माझं भांडण नाही. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, ते झालं म्हणून आज वाघ आहे. पण लाकडाची चौकट महाग आणि किचकट होत गेली, हेही तेवढंच खरं. पुढं घरकुलं आली. १९८५ पासून इंदिरा आवास, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास. विटा, सिमेंट, सळई. वाढईला काम उरलं नाही. वाढईबाबांची दोन्ही मुलं आज शहरात स्लॅबच्या सेंट्रिंगवर आहेत.

लाकडाच्या या रिकाम्या जागेत टीन आलं. टीन काही आजचं नाही. पत्र्याला पन्हळी पाडायची युक्ती लंडनच्या हेन्री पामरनं १८२९ मध्ये पेटंट केली. सपाट पत्रा वाकतो, पन्हळी पाडली की तोच पत्रा भार पेलतो. पुढं १८३७ च्या सुमारास जस्ताचा मुलामा द्यायची रीत फ्रान्समध्ये निघाली आणि गंजण्याची चिंता कमी झाली. त्याच काळात अमेरिकेत शिकागोकडं लोकांनी जाड तुळया सोडून बारीक चिरलेल्या लाकडांची, खिळ्यांनी जोडलेली चौकट सुरू केली. त्यात भार एका जाड खांबावर नसतो, पुष्कळ बारीक लाकडांत वाटलेला असतो. हलकं, स्वस्त, नवशिक्यालाही जमणारं. पण त्या चौकटीची एक अट असते : प्रत्येक जोड बांधलेला पाहिजे आणि कुठंतरी तिरपा आधार पाहिजे.

माझी चूक इथंच झाली. मी आजोबांच्या कोठ्याचा आकार घेतला आणि वर हलकं टीन टाकलं. आजोबांची चौकट खाली दाबणाऱ्या भारासाठी होती. टिनाखाली चौकटीला दुसरंच काम असतं, वर उचलणाऱ्या वाऱ्याला धरून ठेवायचं. ताशी शंभर किलोमीटरचा वारा चौरस मीटरला साधारण ४५ ते ५० किलो जोर लावतो. माझं छप्पर तेवीस चौरस मीटर. म्हणजे हजार किलोच्या वर ओढ आणि टिनाचं वजन शंभर किलो. त्यातून बाजू उघड्या असल्या की वारं आत शिरून खालूनही ढकलतं. तीन-तीन इंची खिळे काय करतील? वाढईबाबांनी हाच हिशेब 'पतंग' या एका शब्दात सांगितला होता.

दुसऱ्यांदा बांधलं ते बाबांना खाटेवर बसवून. "मले चढता येत नाई, तू चढ. मी सांगतो," म्हणाले. काय केलं ते सांगतो.

पहिलं, काटकोन. खांब गाडायच्या आधी दोरी धरून कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजायचं. सोळा बाय बाराला दोन्ही कर्ण बरोबर वीस फूट आले पाहिजेत. माझा जुना आराखडा मोजला तर एक वीस फूट पाच इंच, दुसरा एकोणीस फूट सात इंच. डोळ्यांना दिसत नव्हतं, टिनाला मात्र कळलं होतं, म्हणून तर पत्रे तिरपे बसले होते. ही दोरीची रीत फार जुनी. यज्ञवेदी आखायला शुल्बसूत्रांत हीच वापरली आहे आणि शुल्ब म्हणजे दोरीच. बाबांनी शुल्बसूत्र पाहिलेलं नाही. पण तीन-चार-पाचाचा हिशेब त्यांच्या बोटांवर आहे.

दुसरं, तिरपी पट्टी. चार लाकडांचा चौकोन कितीही खिळे मारा, ढकलला की कलतो. त्यात एक तिरपं लाकूड टाका, त्रिकोण होतो आणि त्रिकोण कलत नाही. प्रत्येक कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी तिरप्या पट्ट्या टाकल्या. वर कैच्या केल्या, त्याही त्रिकोणच.

तिसरं, दोर. टीन कमचीला नाही, फाट्यालगत पक्क्या पट्टीला जे-हुकनं, तेही पन्हळीच्या उंच भागावर, म्हणजे पाणी झिरपत नाही. पट्टी फाट्याला, फाटा मयालाला लोखंडी पट्टीनं, मयाल खांबाला बोल्टनं आणि खांब जमिनीत अडीच फूट, खाली आडवी सळई घालून काँक्रीटमध्ये. वरून खालपर्यंत साखळी कुठंच तुटता कामा नये. एक कडी कच्ची राहिली तर बाकीच्या पक्क्या असून उपयोग नाही.

फाट्यांना बांबू वापरला. त्याचाही इतिहास आहे. १९२७ च्या कायद्यात बांबूला झाड धरलं होतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपज ठरला आणि त्याच कायद्यानं निस्तार हा शब्द सामूहिक हक्क म्हणून पुन्हा लिहिला. २०११ मध्ये शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबूचे वाहतूक पास स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. २०१७ च्या दुरुस्तीनं जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. म्हणजे धुऱ्यावर लावा आणि तोडा. फक्त हिवाळ्यात तोडा आणि काही आठवडे बोडीच्या पाण्यात बुडवून ठेवा. आतला गोडवा निघून जातो, मग भुंगा लागत नाही.

आणि तो बीजाचा मयाल? सागाचे दोन खांब विकले, लोखंड आणि सिमेंटचे पैसे त्यातूनच निघाले. मयाल ठेवला. नव्या कोठ्यात मधोमध तोच आहे, बाकी सारं हलकं. टिनासाठी एवढ्या जाड लाकडाची गरज नव्हती, हे मला माहीत आहे. बाबांनी तो बसलेला पाहिला, काठीनं दोनदा ठोकला आणि म्हणाले, "आता वारं येऊ दे."

यंदाच्या मे महिन्यात आलं. सारी रात्र जागा होतो. सकाळी आई नेहमीसारखी गोवऱ्या झाकायला गेली.

तुमच्याकडं जुना कोठा उकलत असाल तर विकायच्या आधी एक करा. गावातल्या म्हाताऱ्या वाढयाला खाट टाकून बसवा आणि कोणतं लाकूड, कुठून आलं, कसं जोडलं ते विचारून लिहून ठेवा.